दुपारी बाराचं पाणी, पहाटे पाचचं पाणी: नागपूरच्या एका तलावातलं मासेमरण

नागपुरात उन्हाळा उतरणीला लागला की कुठल्या तरी तलावात मासे मेल्याची बातमी येते. फोटो ठरलेला असतो. पायऱ्यांशी पांढऱ्या पोटांचा थर आणि मागे नाकाला रुमाल लावून उभी असलेली माणसं. खाली दोन ओळींत कारण दिलेलं असतं, उष्णता किंवा पहिला पाऊस. चार दिवसांनी वास जातो, त्याबरोबर विषयही जातो.

मी प्राणिशास्त्र शिकवते आणि गेली काही वर्षं शहरातल्या एका जुन्या तलावाचं पाणी नियमित तपासते. त्या तलावात एका जूनमध्ये असंच मासेमरण झालं. त्याची ही सविस्तर नोंद. तलावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली मच्छीमार संस्था आजही त्याच पाण्यातले मासे विकते. नाव छापून आलं की गिऱ्हाईक तुटतं, हे संस्थेतल्या मंडळींनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

तलाव आणि त्याच्या वरचा नाला

अंबाझरी, फुटाळा, गांधीसागर, सोनेगाव, सक्करदरा, नाईक तलाव अशी नावं घेतली की नागपूरकराच्या डोळ्यांसमोर फिरायच्या, गणपती विसर्जनाच्या, भाजलेल्या कणसांच्या जागा येतात. मुळात ही पाणी साठवायची जागा. यातले काही तलाव गोंड-भोसले काळातले आहेत. त्यांच्या वरच्या अंगाला उतार होता, शेतं होती, आणि पावसाचं पाणी गवतातून, बांधांवरून गाळून खाली यायचं. आमच्या तलावाचंही तसंच. आता त्या उतारावर ले-आउट पडले आहेत. घरं आधी उभी राहिली, गडर लाइन, म्हणजे सांडपाण्याची जमिनीखालची वाहिनी, मागून आली. तीही मोठ्या रस्त्यापर्यंतच पोचली, आतल्या कित्येक गल्ल्यांतली घरं तिला अजून जोडलेली नाहीत. न्हाणीचं, भांड्यांचं, कपड्यांचं पाणी आणि भरून वाहणाऱ्या सेप्टिक टाक्यांचं पाणी पावसाळी नालीत उतरतं. ही नाली पावसाळ्यात चार महिने वाहावी म्हणून बांधलेली. आता ती बारा महिने वाहते आणि तलावात येऊन मिळते.

एप्रिल-मेमध्ये तलावाला ताजं पाणी कुठूनच येत नाही. 23 मे 2013 रोजी नागपुरात 47.9 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. तितकं नेहमी चढत नसलं तरी 44-45 अंशांचे दिवस दर मे महिन्यात येतात. पाणी वाफ होऊन उडत राहतं आणि नालीतून येणारं तेवढं भर घालत राहतं. म्हणजे दिवसेंदिवस तलावात तलावाचं पाणी कमी आणि नालीचं जास्त, असा हिशेब होत जातो. मेच्या शेवटी पाण्याचा रंग वाटलेल्या पालकासारखा गर्द हिरवा होतो. पारदर्शकता मोजायची काळी-पांढरी चकती दोरीला बांधून सोडली, तर वीतभर खाली जायच्या आत ती दिसेनाशी होते.

संस्था दर पावसाळ्यात कटला, रोहू आणि मृगळाची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडते. तिलापिया कोणी सोडला नाही, तो कुठून तरी आला आणि राहिला. मरळ, शिंगी आणि मांगूर तळातल्या चिखलाच्या आधाराने आहेत. हे सगळं सांगायचं कारण पुढे येईल, कारण कोण मेलं आणि कोण वाचलं यावरच या प्रकरणाचा निकाल लागला.

ती रात्र

मृग लागायला दोन-तीन दिवस होते. दोन दिवस आभाळ भरून होतं, ऊन पडलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वावधान सुटलं आणि तासभर जोराचा पाऊस झाला. उन्हाळाभर नालीच्या तळाशी साचलेला काळा गाळ त्या पहिल्याच लोंढ्याने उचलला गेला आणि तलावात आला. पहाटे पाचच्या आधी संस्थेतल्या एका काकांचा फोन आला, "मॅडम, मासे वर येऊन राह्यले. लवकर या."

मी पोचले तेव्हा पुरतं उजाडलं नव्हतं. आधी आवाज आला. शेकडो तोंडं पाण्याच्या पृष्ठभागावर एकाच वेळी उघडझाप करत असली की एक बारीक, सलग पचपच ऐकू येते. ज्याने एकदा ऐकली तो विसरत नाही. टॉर्च मारला तर काठापासून जिथवर उजेड पोचला तिथवर कटल्यांची डोकी. कटला एरवी माणसाची सावली पडली तरी खोल जातो. त्या पहाटे काकांनी हात घालून एकाला उचललं तरी तो सुटायची धडपड करेना. काठालगतच्या दगडांवर झिंगे पाण्याबाहेर येऊन चिकटले होते, गोगलगायी पाण्याच्या रेषेच्या वर चढून बसल्या होत्या. सगळा तलाव वर यायला बघत होता.

सूर्य वर आला तसे मोठे कटले आडवे पडू लागले. मग रोहू. तोंडं उघडी, कल्ल्यांवरच्या झाकण्या ताणून फाकलेल्या. आठ वाजेपर्यंत पायऱ्यांशी थर जमला. वर्षभर वाढवलेला, पावसाळ्याआधी विकायचा माल होता तो. एक तरुण म्हणाला, अजून ताजे आहेत, बर्फात घालून आत्ताच बाजारात नेले तर निम्मे पैसे तरी सुटतील. काका त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "मेलेला मासा आपन इकत नाही." तेवढ्यावर तो विषय संपला. दिवसभर बायामाणसांनी मिळून मासे गोळा केले, खड्डा करून चुना टाकून पुरले.

"कोनं तरी औषध टाकलं असन"

काठावर जमलेल्या माणसांचं पहिलं मत हेच होतं. हे मत चटकन झटकून टाकण्यासारखं नव्हतं. तलावाच्या ठेक्यावरून भांडणं होतात आणि कीटकनाशक टाकून मासे मारण्याचे प्रकारही घडतात. म्हणून आधी तेच तपासलं.

विष पाण्यात पडलं की ते लहानमोठं बघत नाही. बहुतेक कीटकनाशकांनी आधी पाण्यातले किडे आणि सूक्ष्म प्राणी मरतात, मग लहान मासे, मग मोठे. हवेतला श्वास घेणारे मासेही त्यातून सुटत नाहीत, कारण विष कल्ल्यांतून आणि त्वचेतून आत जातं. आमच्या तलावात उलटं घडलं होतं. मोठे आधी गेले. बोटाएवढे मासे काठाच्या उथळ पाण्यात तडफडत होते, पण त्यातले बरेच दुपारपर्यंत तगले. पाण्यावर धावणारे लांब पायांचे किडे जसेच्या तसे होते. आणि मरळ, शिंगी, मांगूर यांपैकी एकही मेलेला सापडला नाही. या तिघांना कल्ल्यांखेरीज हवेतला ऑक्सिजन घेता येईल असा जादा अवयव असतो. वर येऊन एक घोट हवा घेतली की त्यांचं भागतं. कटला-रोहूंकडे ती सोय नाही. तोंड उघडून पृष्ठभागाच्या पातळ थरातला जो काही ऑक्सिजन मिळेल तो ओढणं एवढंच त्यांच्या हातात असतं, आणि जितकं अंग मोठं तितकं ते लवकर अपुरं पडतं.

घडण्याची वेळही महत्त्वाची होती. विष कधीही मारतं. गुदमरणं पहाटे होतं.

तेव्हा काकांनी एक गोष्ट सांगितली, जी त्यांना चार दिवस आधीच दिसली होती आणि कोणी विचारली नाही म्हणून मनातच राहिली होती. मृगळ वर येत होते. मृगळ हा तळाशी चरणारा मासा, त्याचं तोंडही खालच्या बाजूला वळलेलं. त्याने सकाळी वर येऊन हवा मारावी याचा अर्थ तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन आधीच संपला होता. वळवाच्या पावसाने काम फक्त पुरं केलं.

दुपारी साडेबाराचा नमुना

त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास तपासणीसाठी माणसं आली. पायरीवर उभं राहून प्लास्टिकच्या कॅनमध्ये पाणी भरलं, कॅनवर चिठ्ठी लावली आणि गाडीत ठेवून घेऊन गेली. काही दिवसांनी कळलं की अहवालात विरघळलेला ऑक्सिजन पुरेसा आढळला, तेव्हा मासे तापमानातल्या अचानक बदलाने मेले असावेत, असा निष्कर्ष होता. काका मला म्हणाले, "मंग काहून मेले, मॅडम? हवा होती तं?"

या प्रश्नाला नीट उत्तर देणं माझं काम होतं, आणि देताना मला माझीच वही उघडावी लागली. तीन वर्षांच्या माझ्या सगळ्या नोंदी सकाळी अकरा ते दुपारी एकच्या दरम्यानच्या होत्या. कॉलेजची वेळ, प्रयोगशाळा उघडायची वेळ, मुलांना सोबत नेता येईल अशी वेळ. त्या सगळ्या नोंदींत ऑक्सिजन भरपूर होता. मे महिन्यातल्या काही नोंदींत तर पाण्यात मावतो त्याहून जास्त. मी त्यांच्याकडे बघून समाधान मानलं होतं. ही चूक माझी होती आणि तिची किंमत संस्थेने दिली, असं मला आजही वाटतं.

पाण्यात ऑक्सिजन मुळातच थोडा असतो. 25 अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण 8.3 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना साडेसात, 35 अंशांना सातच्या आसपास. म्हणजे पाणी तापलं की साठवणच कमी होते. आणि मासा थंड रक्ताचा असल्याने तापलेल्या पाण्यात त्याची भूक आणि श्वासाची गरज वाढते. 10 अंशांनी तापमान वाढलं की ती जवळपास दुप्पट होते. मे महिन्यात दोन्ही बाजूंनी ओढ लागते.

त्यात हिरवं पाणी. हा हिरवा रंग शेवाळाचा, म्हणजे डोळ्यांना एकेकटं न दिसणाऱ्या अब्जावधी सूक्ष्म वनस्पतींचा. साबणातून, मैल्यातून आलेलं फॉस्फरस आणि नायट्रोजन हे त्यांचं खत. एक ग्रॅम फॉस्फरसवर सुमारे शंभर ग्रॅम कोरडं शेवाळ उभं राहू शकतं. दिवसा ऊन असेपर्यंत ते ऑक्सिजन सोडतं आणि दुपारी पाणी ऑक्सिजनने फसफसतं. सूर्य मावळला की सोडणं थांबतं, घेणं मात्र चालूच राहतं. शेवाळ घेतं, मासे घेतात, आणि सगळ्यांत जास्त घेतात ते मैला आणि मेलेलं शेवाळ कुजवणारे जिवाणू. रात्रभर पातळी उतरत जाते आणि सूर्योदयाच्या तोंडावर सर्वांत खाली पोचते. सांडपाणी मुरलेल्या तलावाची दुपार आणि पहाट या दोन वेगळ्या तलावांच्या असाव्यात इतक्या वेगळ्या असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात मत्स्यसंवर्धनासाठीच्या पाण्यात लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा असं म्हटलं आहे. मासा ही अट चोवीस तास मागतो. साडेबाराचा नमुना त्यातल्या एका तासाबद्दल बोलतो, आणि तोही सर्वांत सुखाचा तास.

दुसरा दोष नमुना नेण्याच्या पद्धतीत होता. ऑक्सिजन मोजायचं पाणी काचेच्या बाटलीत बुडबुडा न राहू देता भरावं लागतं आणि जागीच रसायनं घालून त्यातला ऑक्सिजन बांधून ठेवावा लागतो. अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये गाडीतून हिंदकळत गेलेल्या पाण्याचा ऑक्सिजन हा तलावाचा राहत नाही. वाटेत त्यात हवा मिसळते, नाही तर आतले जिवाणू असलेला ऑक्सिजन खाऊन टाकतात.

पायरीवरच्या बाटल्या

हे सगळं तोंडी सांगून पटण्यासारखं नव्हतं, म्हणून आम्ही दाखवायचं ठरवलं. मासेमरणानंतर आठवड्याने, पुन्हा कडक ऊन पडल्यावर, एक दुपार आणि एक रात्र आम्ही तलावावर काढली. सोबत काका, संस्थेतले चौघे-पाच जण, बीएस्सीच्या तीन मुली आणि काचेच्या झाकणाच्या 300 मिलिलिटरच्या बाटल्या.

पाण्यातला ऑक्सिजन मोजायच्या या पद्धतीला विंकलर पद्धत म्हणतात. तिची मला आवडणारी गोष्ट म्हणजे तिचा पहिला टप्पा डोळ्यांना दिसतो. बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची. पिपेटचं टोक आत बुडवून आधी मँगनीज सल्फेट, मग अल्कधर्मी आयोडाइड-अझाइड सोडायचं. झाकण लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर आत तपकिरी साका धरतो, जितका जास्त तितका गडद. ऑक्सिजन नसेल तर साका पांढरा राहतो. पुढे आम्ल घालून, थायोसल्फेटने मोजणी करून आकडा काढता येतो, पण त्या रात्री आकड्याची कोणालाच गरज वाटली नाही.

दुपारी तीनची बाटली पायरीवर ठेवली, तिच्यात कडक कॉफीच्या रंगाचा साका बसला होता. सहाची तशीच. रात्री नऊची जरा उतरलेली. बाराची दुधाळ चहासारखी. तीनची बाटली एका मुलीने टॉर्चपुढे धरली आणि काही न बोलता काकांच्या हातात दिली. पाचच्या बाटलीत खाली पांढरा साका होता, ताकाच्या निवळीखाली बसतो तसा. सहाही बाटल्या पायरीवर ओळीने ठेवल्या आणि उजाडायची वाट पाहत बसलो. पाण्यात पुन्हा ती पचपच सुरू झाली होती, या वेळी थोड्याच तोंडांची, कारण आता थोडेच मासे उरले होते.

काकांनी ओळीवरून दोनदा नजर फिरवली. म्हणाले, "म्हंजे साहेब आले तवा ही होती," आणि त्यांनी पहिल्या बाटलीवर बोट ठेवलं. मग शेवटच्या बाटलीवर. "अन् मासे मेले तवा ही."

या प्रकरणाचं याहून अचूक विवेचन मला आजवर करता आलेलं नाही.

मग त्या रात्री नेमकं काय झालं

दोन दिवस ढगाळ असल्याने शेवाळाने दिवसाही पुरेसा ऑक्सिजन केला नव्हता, त्यामुळे रात्रीची सुरुवातच उणी झाली. मे महिन्यात तलावाच्या पाण्याचे थर पडतात. वरचं गरम आणि हलकं, खालचं थोडं गार आणि जड. खालच्या थरात उजेड पोचत नाही, गाळ कुजत असतो, आणि तिथे ऑक्सिजनऐवजी अमोनिया आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड साठतो. वादळी वारा आणि गार पाऊस एकदम आले, वरचं पाणी थंड होऊन खाली गेलं, खालचं वर आलं. काकांच्या भाषेत, पाणी फिरलं. त्याच वेळी नालीचा काळा लोंढा आत आला आणि त्याला कुजवायला जिवाणूंनी उरलासुरला ऑक्सिजन लावला. चार गोष्टी एका रात्रीत जुळल्या. त्यांतल्या तीन निसर्गाच्या आहेत, ढग, वारा आणि पाऊस. हे तिन्ही त्या तलावाने आजवर शेकडो वेळा पाहिले असतील. चौथी नालीची.

इथे चुन्याबद्दल सांगायलाच हवं. मासेमरणानंतर वास जावा म्हणून कोणीतरी तलावात चुना टाकायचं सुचवलं आणि पोती आलीसुद्धा. खड्ड्यात चुना ठीक आहे. सांडपाण्याने भरलेल्या तलावात तो घातक ठरू शकतो. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक बऱ्यापैकी निरुपद्रवी, दुसरं माशाच्या कल्ल्यांना जाळणारं. कोणतं रूप किती, हे पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्क हे सांगणाऱ्या आकड्यावर ठरतं. 30 अंशांच्या पाण्यात पीएच 7 असेल तर विषारी रूप एका टक्क्याहून कमी असतं. पीएच 8 झाला की सात-आठ टक्के. 9 झाला की चाळीस टक्क्यांच्या वर. चुना पीएच वर ढकलतो. गर्द हिरव्या पाण्याचा पीएच दुपारी आपणहूनच 9 कडे सरकतो, त्यात चुना म्हणजे उरलेल्या माशांवर दुसरा घाव. पोती परत पाठवली. मत्स्यतळ्यात चुना वापरतात हे खरं, पण पाणी मोजून आणि हात राखून.

आणखी एक, गणपती. जूनमधल्या मरणाचं खापरही लोक गेल्या भाद्रपदातल्या मूर्तींवर फोडतात. प्लास्टर आणि रंगांनी तळाशी जो थर बसतो तो वाईटच आहे. आता शहरात कृत्रिम टाक्यांमध्ये विसर्जन होऊ लागलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण विसर्जन वर्षातले काही दिवस असतं. नाली रोज येते. मूर्तींवर बोट दाखवलं की आपल्या न्हाणीतून जाणाऱ्या पाण्याकडे बघायचं राहून जातं.

जे दिसत नाही ते मरण

पायऱ्यांवर थर जमतो तेव्हा सगळे येतात. त्याआधी कित्येक वर्षं जे जात असतं त्याला कोणी येत नाही. काका लहान असताना या तलावात कोतऱ्या होत्या, वाम होती, काठच्या पाणवनस्पतींत रुपेरी बारीक मासे जाळ्याने खरवडून काढावे लागत. कटला-रोहूंची पिल्लं दरवर्षी बाहेरून आणता येतात, कारण ते मासे साठलेल्या पाण्यात तसेही अंडी घालत नाहीत, त्यांना नदीचा पूर लागतो. लहान देशी मासे मात्र इथेच, वनस्पतींच्या पानांवर आणि स्वच्छ तळावर अंडी घालतात. तळावर काळा गाळ बसला की अंडी गुदमरतात, गढूळ पाण्यात बुडालेल्या वनस्पतींना उजेड मिळत नाही आणि त्या जातात. मासा मरत नाही, फक्त पुढची पिढी येत नाही. याची बातमी कधीच होत नाही.

मुलींनी तळाचा गाळ उपसून चाळणीत धुतला तेव्हा त्यात लाल दोऱ्यासारख्या अळ्या आणि गुच्छाने राहणारे बारीक लाल किडे भरभरून निघाले. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, जवळजवळ ऑक्सिजन नसलेल्या चिखलातही ते जगतात. चतुरांच्या अळ्या, ज्या बऱ्या पाण्यात सहज मिळतात, त्या दिवशी एकही मिळाली नाही. वरचा हिशेबही तसाच होत चालला आहे. दर मासेमरणानंतर कटला-रोहू कमी होतात आणि तिलापिया, मांगूर वाढतात. शहराच्या घाण पाण्यात तर देशी मांगूरही मागे पडून आफ्रिकन मांगूर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, तो पसरतो. या माशाच्या पालनावर देशात 2000 सालापासून बंदी आहे. पाणी बिघडवून आपणच त्याला रान मोकळं करून देतो.

तलाव भरला की त्याचा सांडवा ज्या नाल्याला मिळतो तो नाग नदीत जातो. नाग शहरातून सुमारे 17 किलोमीटर वाहते, पुढे तिचं पाणी कन्हानमार्गे वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या जलाशयात पोचतं. काकांचे नातलग पवनीकडे आहेत, धरणाच्या पाण्यावर जगणारे ढीवरच. लग्नकार्यात भेट झाली की तेही पाण्याच्या वासाबद्दल आणि जलपर्णीबद्दल बोलतात. नागपूरचं सांडपाणी प्रत्येक टप्प्यावर कोणाच्या तरी जाळ्यात जातं. 11 डिसेंबर 2022 रोजी नाग नदीच्या प्रदूषण निर्मूलनाच्या 1,925 कोटींहून मोठ्या प्रकल्पाची पायाभरणी झाली. भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिलं जातं, हे तर देशात आधी करून दाखवलेलं काम आहे. म्हणजे शहराला हे जमत नाही असं मुळीच नाही. आमच्या तलावाच्या नालीपर्यंत ते पोचलेलं नाही, एवढंच.

पुढे काय केलं

मोठं काम एकच आहे, वरच्या घरांची जोडणी गडर लाइनला करून नाली पुन्हा फक्त पावसाची करणं. त्यासाठी अर्ज दिले, बाटल्यांचे फोटो जोडले, रहिवाशांची बैठक घेतली. त्या बैठकीत एका ताईंनी विचारलं की आम्ही मुद्दाम तलावात पाणी सोडतो का? नाही सोडत. त्यांनी घर घेतलं तेव्हा जोडणी झाली आहे असंच त्यांना सांगण्यात आलं होतं. त्यांच्यासारख्या काही घरांनी पुढे स्वतः खर्च करून जोडणी करून घेतली. बाकीच्यांचं अडलेलं आहे.

तोवर संस्थेने आपल्या हातातलं केलं. बोटुकली कमी सोडली. मोठा माल मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत काढून विकायचा असं ठरवलं, दर थोडा कमी मिळाला तरी. नालीच्या तोंडाशी मातीचा बांध घालून उन्हाळी गाळ पावसाआधी उपसला, म्हणजे पहिल्या लोंढ्याबरोबर तो आत जाऊ नये. एक जुना डिझेल पंप काठावर बसवला आहे. पहाटे मृगळ वर दिसला की पंप चालू करून पाणी हवेत उडवत पुन्हा तलावात सोडायचं. सगळा तलाव त्याने सुधारत नाही, पण पंपाजवळच्या पट्ट्यात मासे येऊन उभे राहतात आणि सूर्य येईपर्यंत तगतात.

माझ्या वहीत आता वेळेचा रकाना पहिला आहे. मे आणि जूनमध्ये आठवड्यातून दोनदा पहाटे पाचची बाटली भरली जाते, आणि ती भरायला मला जावं लागत नाही. काकांची नात बारावीला आहे, तिने पद्धत शिकून घेतली आहे. ती बाटलीचा फोटो काढून पाठवते, खाली फक्त रंग लिहिते. गेल्या उन्हाळ्यात बहुतेक वेळा "चहा" असं आलं. तीनदा "ताक" आलं. त्या तिन्ही पहाटे पंप साडेआठपर्यंत चालू होता.